कुंची

चौथ्यांदा राहुरीहून सोनईला आले, तेव्हा डोकं नुसतं तापलं होतं. मातीतली ओल मोजणारं माझं यंत्र बॅटरीशिवाय, बोटभर सोलर पट्टीवर, निव्वळ उन्हावर चालतं. प्रयोगशाळेत चालायचं, इथल्या शेतकरी आक्काबाईंच्या कांद्याच्या वाफ्यात मात्र दुसऱ्याच दिवशी गप्प व्हायचं. तीनदा सर्किट बदललं. आज आकडे आले नाहीत तर प्रकल्प बंद, असं सरांनी बजावलं होतं. या वेळी न कळवताच वाफ्यात शिरले. खुंटीवरच्या यंत्राला चक्क बाळाची कुंची घातली होती, नाडी बांधून. "हे काय, आक्काबाई?" मी ओरडलेच. "तूच म्हनली हुतीस, लेकरासारखं जपा. नातवाची जुनी हाय, बरी दिसत न्हाई, म्हनून तू येनार असली की काढून ठिवते." मी कुंची काढून त्यांच्या हातात दिली. पाच मिनिटांत फोनवर आकडा उमटला. "चाललं!" "व्हय? मंग घालते परत," त्या म्हणाल्या. "ऊन लई हाय."