पानावरचा नवरा

ब्रुज शहरातल्या योसिनबाईंच्या प्रार्थनेच्या पुस्तकात सोनेरी वर्खाचं एक पान होतं. त्यावर मेरीमातेपुढे गुडघे टेकलेल्या बाई आणि शेजारी त्यांचा नवरा. नवरा वारला आणि बाईंनी दुसरा केला, की लिव्हन चितारी जुना चेहरा चाकूने खरवडून तिथे नवा रंगवायचा. दोन्ही वेळा तो म्हणाला होता, "बिनघोर राहा बाई, पान वासराच्या कातड्याचं आहे. दहा नवरे पेलेल."

तिसऱ्या नवऱ्याला पुरून महिना झाला आणि बाई पुस्तक घेऊन हजर.

"आता कोणाचा चेहरा काढू?" लिव्हनने चाकूला धार लावत विचारलं.

"तुमचाच," बाई लाजून म्हणाल्या. "आरशात बघून काढा."



लिव्हनने पान उजेडाला धरलं. "बाई, कातडं पार झिजलंय हो. आता एकसुद्धा नवरा टिकायचा नाही यावर."