गुणाची पोर

दत्तक घेऊन घरी आणल्यापासून जुई एकदाही रडली नव्हती. दुपटं ओलं होवो की दुधाला उशीर, आठ महिन्यांची ती पोर पंख्याकडे बघत गुपचूप पडून राहायची.

"नशीब काढलंस गं! आमच्या बंटीनं तर अख्खी बिल्डिंग डोक्यावर घेतली होती," शेजारणी म्हणायच्या. योगिनी हसून मान डोलवायची, पण खरं कारण तिला ठाऊक होतं. अनाथ मुलांच्या त्या संस्थेत एवढ्या लेकरांना सांभाळायला एकच मावशी. रडून कुणी येत नाही, हे पोरीला केव्हाच कळून चुकलं होतं.

आज योगिनी कपडे वाळत घालायला गॅलरीत गेली आणि मागे जुईनं टाहो फोडला. कडेवर घेतलं की गप्प, खाली ठेवलं की पुन्हा भोंगा. दुपारभर हेच चाललं होतं.

तेवढ्यात बेल वाजली. जुईला कडेवर घेऊन तिनं दार उघडलं. खालच्या मजल्यावरचा धनेश तांबारलेल्या डोळ्यांनी उभा होता.

"वहिनी, चाकणहून नाइट करून आलोय, पण डोळ्याला डोळा लागेना. तुमची तर रडत नाही. मग कुणाचं पोर बोंबलतंय हो एवढं?"



"माझं!" म्हणत योगिनीनं आतून साखर आणून त्याच्या हातावर ठेवली.