फुगलेलं पीठ

"अगं शरयू, पीठ फुगलंय! आज आंबोळ्या कर!" वामनराव लहान मुलासारखे ओरडले.

शरयू हातातलं काम टाकून पातेल्याकडे धावली. करंजाच्या अर्काचं धुकं घरात सोडायला लागल्यापासून पीठ कधी आंबलंच नव्हतं. अर्क माणसाला निर्धोक आहे, हे तिनेच प्रयोगशाळेत तपासलं होतं. नवऱ्याच्या फुप्फुसातली बुरशी त्यानेच रोखून धरली होती. पीठ फुगवणारं यीस्टही एक बुरशीच. तिलाही तो जगू देत नसे.

तिने धुक्याचं यंत्र पाहिलं. धुकं येत होतं, करंजाचा कडवट वासही होता. म्हणजे बुरशीलाच आता अर्क पचू लागला होता; पिठातल्या, तशीच फुप्फुसातल्याही.

वामनराव हसता हसता खोकले.

"किती खाल?" तवा तापवत तिने विचारलं.

"पोटभर! पण उद्याला थोडं पीठ ठेव हं."

शरयूने सगळं पीठ तव्यावर संपवलं.