अर्धा मिलिमीटर

"काका, जुन्या टर्बो गाडीचे फोर्ज्ड पिस्टन आहेत का, ते ठोकून घडवलेले मजबूत? स्वस्तातले?"

स्पेअर पार्टच्या दुकानात शिरून हे विचारायची तिची छातीच होणार नाही, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. त्या दाराबाहेर तोंड दाबून हसत होत्या. हिचं मात्र पैजेकडे लक्षच नव्हतं, कारण पिस्टन मिळाले नाहीत तर बाबा उद्या गाडी भंगारात देणार होते.

दुकानदाराने माळ्यावरून एक धुळकट खोका काढला. "आहेत, पण अर्धा मिलिमीटर मोठे. कुणाच्याच इंजिनात बसेनात, म्हणून मातीमोल भावात देतो. पण परत घेणार नाही हं! आधी वडिलांना विचारून ये."

"मोठेच हवेत, काका. आमच्या सिलिंडरना आतून ओरखडे पडलेत. घासून तेवढे रुंद करावेच लागणार आहेत."

"कोण म्हणालं? मेकॅनिक?"

"मी मोजलंय."

दुकानदाराने खोका तिच्यापुढे सरकवला.

घरी तिने तो खोका धुळीसकट जेवणाच्या टेबलावर आदळला. आई ओरडायच्या आत म्हणाली, "गाडी भंगारात द्यायची नाही. इंजिन मी बांधणार. आणि बाबा, हातात पाना द्यायला तुम्ही उभं राहायचं!"