पेगआजींचा उजवा हात

अध्यक्ष महोदय, पेगआजींच्या मुलाखतीची टेप तुमच्या चौकशी आयोगाने पुसली. चुकून नाही, ठरवून. आयर्लंडमधल्या कुमारी मातांच्या जुन्या आश्रमांचा अभ्यास करायला मला तुम्हीच नेमलंत, तिथे बाळ गमावलेल्या आजींना मी बोलतं केलं, आणि अहवालात मात्र छापलंत, ‘बाळ दत्तक देताना आईची संमती होती, त्याच दिवशीची सही आहे.’

त्याच महिन्यात पक्षाघाताने आजींची वाचा गेली. तुम्हाला वाटलं, मिटलं प्रकरण.

माझे कागद न्यायला आलेल्या तुमच्या माणसाने एक वहीही उचलली होती. मुलाखत घेताना मी टिपणं मराठीत काढते, हात भरभर चालतो म्हणून. त्याने चार पानं उलटली, वही आडवी धरून पाहिली.

"रेसिपी का?"

"हो. सगळ्या तिखट."

हसत त्याने ती परत दिली.

काल आजींच्या पलंगाशी बसून ती वही वाचली, एकेक वाक्य इंग्रजीत सांगत. ‘पोरी, आश्रमाच्या धुलाईघरात हात भाजला माझा. बाळाला नेलं त्या दिवशी बोटांपासून कोपरापर्यंत पट्ट्या होत्या.’

आजींनी हळूच उजवी बाही वर सारली. व्रण कोपरापर्यंत होता. ओल्या डोळ्यांनी त्या हसल्या, आणि कितीतरी दिवसांनी मला चहाची चव लागली.

वहीची प्रत वकिलाकडे पोचली आहे. आता सांगा, ज्या हाताला चमचा धरवत नव्हता, त्या हाताची ती वळणदार सही कुणी केली?