शेतांमधल्या रस्त्याने

डॉक्टरांनी साखर बंद केली, तेव्हापासून दर रविवारी सायकल काढताना मी बायकोला, आनाइगला, एकच सांगायचो, "आतल्या रस्त्याने जातो, शेतांमधून." आणि चर्चच्या मागे वळलो की सायकल समुद्राकडे. तिथे बंदरावर ग्वेनचं कॅफे आहे. तिच्याकडे मिळतो तसा आलुबुखारचा केक फ्रान्सच्या या अख्ख्या ब्रिटनी प्रांतात मिळायचा नाही. समोर बशी ठेवताना ग्वेन टोमणा मारायची, "काय हो इफिग, आज शेतांत लाटा बऱ्याच आहेत ना?" घरी आलो की आनाइग विचारायची, "मका केवढा झालाय?" मी हाताने उंची दाखवायचो. अकरा वर्षं हे असंच चाललं.

आनाइगला जाऊन पाच महिने झाले. आज पहिल्यांदाच सायकल काढली. आता खोटं सांगायला घरात कुणी नव्हतं, म्हणून सरळ समुद्राच्या रस्त्यालाच लागलो. ग्वेनने केक आणून ठेवला. पहिल्याच घासाला तोंडाला मिठी बसली.

"ग्वेन, साखरेचं पोतं उलटलं की काय यात?"

"नाही हो. आमचा केक पहिल्यापासून असाच असतो."

"मग मी अकरा वर्षं काय खात होतो?"

 

ग्वेन समोरची खुर्ची ओढून बसली. "आनाइगचा. दर शनिवारी बिनसाखरेचा करून तुमच्यासाठी ठेवून जायची. म्हणायची, चोरून खाल्ल्याचा आनंद त्याला मिळू दे, फक्त साखर नको."