ठसका

कोर्टातल्या मुलांच्या खोलीत क्षिप्रा बाबासमोर बसली होती. ओठ घट्ट आवळून.

दाराला काच होती आणि काचेपलीकडे आई. बाहेर बाकावर जागा होती, तरी ती उभीच.

सकाळी नौपाड्यातून निघतानाच आईने बजावलं होतं, "तिथे हसायचं-बिसायचं नाही हं! तू त्याच्यासोबत रमतेस असं दिसलं ना, की दर शनिवार-रविवार तुला मानपाड्याला त्याच्या घरी न्यायची परवानगी मिळेल त्याला. वकीलकाका म्हणालेत. मग हळूहळू कायमचीच नेईल." बोलता बोलता आईने वेणी करकचून आवळली.

आणि आता बाबा टेबलावर वाकून हळूच म्हणत होता, "क्षिपू, बोल ना गं काहीतरी. अशीच गप्प बसलीस, तर पोरगी रमत नाही म्हणून आपली ही भेटसुद्धा बंद करतील."

कोपऱ्यात वासंती मॅडम बसल्या होत्या. भेटीवर लक्ष ठेवायचं आणि काय दिसलं ते जजसाहेबांना कळवायचं, हे त्यांचं काम. चेहरा प्रेमळ, पण नजर जराही हलत नव्हती. हसलं तरी चूक, गप्प बसलं तरी चूक. परीक्षेत निदान एक तरी उत्तर बरोबर असतं!

"शाळा काय म्हणतेय?"

"बरी आहे."

"डबा खाल्लास?"

"हो."

बाबा मग एकदम ताठ बसला, डोळ्यांवर नसलेला चष्मा नीट केला आणि सोसायटीच्या सेक्रेटरींच्या, हरिहरकाकांच्या, नाकातल्या आवाजात सुरू झाला, "सर्व सभासदांना कळवण्यात येते की बी विंगच्या लिफ्टमध्ये एक मांजर झोपत आहे. सदर मांजराने त्वरित लेखी खुलासा करावा."

नको ना बाबा! क्षिप्राने नखं तळहातात रुतवली. काचेकडे बघायची हिंमत होईना.

"मांजराने," बाबाने आवाज आणखी नाकात नेला, "पुढची तारीख मागितली आहे."

फुटलंच हसू. तोंडाबाहेर पडता पडता तिने त्याचा खोकला केला. मग अजून एकदा खोकली, अजून जोरात.

दार धाडकन उघडलं.

"काय झालं? काय खायला दिलंस तिला?"

"अगं, काही नाही दिलं! ठसका लागलाय."

आईने पर्समधून बाटली काढली. बाबाने सॅकमधून. दोघांनी एकदमच झाकणं उघडली, एकदमच हात पुढे केले.

"घे बाळा, पाणी."

"हे घे, क्षिपू."

वासंती मॅडम खुर्चीत पुढे सरकल्या.

आता खोकायला काहीच उरलं नव्हतं. क्षिप्राने या बाटलीकडे पाहिलं, त्या बाटलीकडे पाहिलं, आणि ती खोकतच राहिली.